जिवाणू भरपूर वाढतो, पण अँटिबायोटिक मिळत नाही. काय बदलू?

वेताळ टेकडीच्या मातीतला स्ट्रेप्टोमायसिस (अँटिबायोटिक बनवणारा जिवाणू) ग्लुकोज घातलेल्या ब्रॉथमध्ये, म्हणजे पातळ माध्यमात, दोन दिवसांत भरभरून वाढला, पण स्टॅफिलोकॉकस या दुसऱ्या जिवाणूच्या प्लेटवर झोन, म्हणजे वाढ थांबल्याचं मोकळं वर्तुळ, नाही, असं तुम्ही लिहिलंय. जिवाणू टाकून देऊ नका. त्याचं पोट भरलेलं आहे, म्हणून तो अँटिबायोटिककडे वळलेला नाही.

बहुतेक स्ट्रेप्टोमायसिस वाढ मंदावल्यावर, अन्न संपत आल्यावरच अँटिबायोटिक बनवायला घेतात. ग्लुकोज आणि फॉस्फेट मुबलक असलं की त्यासाठीची जनुकं दबून राहतात. म्हणून आधी ग्लुकोज काढा. स्टार्च किंवा ग्लिसरॉल द्या, नायट्रोजनसाठी सोयाबीनचं पीठ. ते सावकाश पचतं. फॉस्फेट बफर घालताना हात आखडता घ्या. पीएच ७ च्या आसपास, तापमान २८ ते ३० अंश. आणि दोन दिवसांवर थांबू नका. ७ ते १० दिवस चालू ठेवून रोज थोडं काढून झोन मोजा, कारण आलेला झोन पुढे कमीही होतो.

हवेकडे मात्र नीट लक्ष द्या. २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये ५० मिलीच माध्यम, शेकर मिनिटाला १८० ते २०० फेऱ्यांवर. जिवाणूच्या गुठळ्या होऊन गोळ्या फार बनत असतील तर ऑटोक्लेव्ह करण्याआधीच फ्लास्कमध्ये स्टीलची स्प्रिंग टाका. माझ्या एमएस्सीच्या वेळी रात्री वीज गेली की शेकर बंद पडायचा आणि वीज आल्यावर आपोआप सुरू व्हायचा नाही. दर बॅचचे आकडे वेगळे यायचे आणि महिनाभर मी माध्यमच बदलत बसलो. सकाळी गेल्यावर पहिल्यांदा शेकर बघा.

वाढ ओडीवरून, म्हणजे ब्रॉथच्या गढूळपणावरून, मोजू नका, गोळ्यांमुळे आकडा फसवतो. गाळून, वाळवून वजन घ्या. एका वेळी एकच घटक बदला. बीजाणूंचा ग्लिसरॉल स्टॉक, म्हणजे ग्लिसरॉलमध्ये गोठवलेला साठा, आजच करून ठेवा. पुन्हा पुन्हा सबकल्चर करून (नव्या माध्यमावर उतरवून) अँटिबायोटिक बनवण्याची क्षमता गमावलेले स्ट्रेन मी पाहिलेत.

आणखी एक. आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिनापासून हॅमायसिन मिळालं, ते बुरशीवर चालतं, बॅक्टेरियावर नाही. नुसत्या स्टॅफिलोकॉकसच्या प्लेटवर ते दिसलंच नसतं. तुमच्याच जुन्या ब्रॉथची कॅन्डिडा या बुरशीवर एक प्लेट आधी लावून बघा, शेजारी कोऱ्या ब्रॉथचा कंट्रोल ठेवून.