अर्काने कॅन्सरच्या पेशी मरतात, मग औषध का येत नाही?

तुम्ही विचारलंय की कडुलिंबाच्या, नाहीतर कुठल्या ना कुठल्या पाल्याच्या अर्काने प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशी मेल्या अशा बातम्या सतत येतात, मग पुढे काय होतं? कंपन्या दाबून ठेवतात का?

दाबायची वेळच येत नाही हो, बहुतेक अर्क आपसूक गळतात. फार्मसीत संशोधन करताना मी याच चाचण्या करायचे. ९६ बारीक खळग्यांच्या प्लेटमध्ये पेशी वाढवायच्या, त्यांवर अर्क कमी-जास्त मात्रांत घालायचा, ४८ तासांनी आम्लाने पेशी जागच्या जागी पक्क्या करायच्या आणि एसआरबी नावाचा गुलाबी रंग द्यायचा. खळगा फिका पडला, म्हणजे पेशी कमी उरल्या, की विद्यार्थी खूश! पण खरी गोम मात्रेत असते. खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या कॅन्सर संशोधन केंद्रात शुद्ध रसायनाने १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा त्याहून कमी मात्रेत पेशींची वाढ निम्म्यावर आणली, तरच ते परिणामकारक धरतात. बातमीत हा आकडा शोधून सापडत नाही. भरपूर घातलं तर मीठही पेशी मारतं, कॅन्सरच्या आणि चांगल्याही.

इथून पुढे उंदीर. त्यातही कुठल्या गाठीचा उंदीर, यावर निकाल फिरतो. टॅक्सॉल या केमोच्या औषधाचंच बघा. पॅसिफिक यू झाडाची साल १९६२ साली गोळा केली गेली. नॉर्थ कॅरोलिनात मन्रो वॉल आणि आपल्या नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी यांनी तिच्यातलं द्रव्य वेगळं करून १९७१ मध्ये त्याची रचना छापली. पण औषधं निवडायच्या तेव्हाच्या अमेरिकी सरकारी चाळणीत भर होता ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या उंदरांवर, आणि तिथे या द्रव्याचा प्रभाव बेताचाच. पुढे बी-१६ मेलानोमाच्या (त्वचेच्या एका कॅन्सरच्या) उंदरांत ते चांगलं चाललं, तेव्हा कुठे गाडी हलली. ते पेशीविभाजन नेमकं कसं रोखतं हे सुझन हॉरविट्झ यांनी १९७९ मध्ये दाखवलं. पाण्यात विरघळत नाही ही डोकेदुखी वेगळीच. अमेरिकेत मंजुरी १९९२ला! चाळणी बदलली नसती तर ते फायलीतच राहिलं असतं, असं मला वाटतं.

नंतर १९९० पासून या चाळणीत माणसाच्या कॅन्सरच्या ६० पेशीवंशांचा, म्हणजे प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवत ठेवलेल्या पेशींचा संच आला. त्यातली स्तनाच्या कॅन्सरची म्हणून वर्षानुवर्षं वापरलेली एमडीए-एमबी-४३५ ही मेलानोमाची निघाली, आता बोला. हल्ली रुग्णाच्या गाठीचा तुकडाच उंदरात रुजवतात. हे वास्तवाच्या जवळचं, पण गाठ रुजावी म्हणून उंदीर प्रतिकारशक्ती नसलेला घ्यावा लागतो. त्यामुळे इम्युनोथेरपीची, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढवणारी औषधं त्यात धड तपासता येत नाहीत.

आणि घरात कुणाची केमो चालू असेल तर कसलाही अर्क डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. टॅक्सॉलसारखी औषधं यकृतात मोडतात, आणि काही वनस्पती नेमक्या तिथेच ढवळाढवळ करतात.