चकलीचा धंदा: भाव आणि उधारी आधी बघा

ताई, इंदूरमध्ये घरून चकलीचा धंदा सुरू करू का, असं विचारलंत. तिथे घरगुती फराळाला मागणी आहे, जरूर सुरू करा. पण भाव ठरवताना सियागंजाच्या घाऊक बाजारातून आणलेल्या डाळी-तेलाची पावतीच तेवढी धरू नका. गॅस, पाकिटं, मोडलेल्या चकल्यांचा चुरा आणि तुमची स्वतःची मजुरीही धरा. ही मजुरीच बायका सोडतात आणि दोन दिवाळ्यांत थकून बंद करतात. फार जीव तुटतो बघून.

एफएसएसएआय, म्हणजे खाद्यपदार्थ विकण्यासाठीची सरकारी नोंदणी, आधी करा. उद्यम, म्हणजे लहान उद्योगांची नोंदणी, सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका.

खरी कसोटी उधारीची. दिवाळीत दुकानदार ‘नंतर देतो’ म्हणून माल उचलतात आणि संक्रांतीपर्यंत फोन घेत नाहीत. उद्यम नोंदणी असलेल्या लहान उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायचे, असा कायदा आहे. म्हणून बिलावर उद्यम नंबर छापा. तरीही नव्या दुकानाला पहिला माल रोखीनेच द्या, कितीही ओळख निघाली तरी.

धंद्याचं खातं वेगळं काढा. आणि दिवाळीनंतर चूल थंड ठेवू नका: उपासाची भाजणी, मेतकूट, उन्हाळ्यात कुरडया. गिऱ्हाईक वर्षभर येत राहिलं पाहिजे.