खाडीतल्या व्हिब्रिओंचा एकच वंशवृक्ष पुरणार नाही

प्रिय विद्यार्थिनीस,

रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या खाडीतून तू वेगळ्या केलेल्या व्हिब्रिओंच्या, म्हणजे खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या जीवाणूंच्या, नोंदी वाचल्या. काम नेटकं झालंय. पण १६एस या, जीवाणू ओळखायला नेहमी वापरल्या जाणाऱ्या जनुकावरून काढलेल्या एकाच वंशवृक्षाच्या फांद्यांना प्रजाती म्हणायची घाई करू नकोस.

जीवाणू दुभंगून वाढतात, म्हणून वारसा सरळ आईकडून लेकीकडे जात असेल असं वाटतं. पण १९४६ साली लेडरबर्ग आणि टेटम यांनी ई. कोलाय या आतड्यातल्या जीवाणूमध्येही जनुकांची देवघेव होते हे दाखवलं. बाहेरून आलेला डीएनए गुणसूत्रात बसवायला रेकए हे प्रथिन जुळणारी जागा शोधतं. जुळणीत चुका फार असल्या, तर म्यूटएस या दुसऱ्या प्रथिनाची दुरुस्ती यंत्रणा तो बेत मोडते. त्यामुळे दोन वंशांत फरक वाढला की देवघेव झपाट्याने घसरते. रॉबर्ट्स आणि कोहन यांनी १९९३ मध्ये बॅसिलस या जीवाणूंमध्ये ही घसरण घातांकी असल्याचं मोजून दाखवलं. मला या विषयाचं खरं मर्म इथेच दिसतं. देवघेव चालू आहे तोवर गट एकजिनसी राहतो. ती आटली की फरक साठतात, आणि साठलेले फरक तिला आणखी आटवतात.

पण ती आटायला सुरुवात कशामुळे होते? बरेचदा राहण्याच्या जागेमुळे. २०१२ मध्ये शापिरो आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या व्हिब्रिओ सायक्लिट्रोफिकसचे दोन गट तपासले. एक पाण्यातल्या मोठ्या कणांवर सापडणारा, दुसरा बारीक कणांसोबत. त्यांच्यातला ठळक फरक जनुकसंचातल्या मोजक्याच ठिकाणी होता. बाकी सगळी सरमिसळ. मात्र अलीकडची देवघेव आपापल्या गटातच जास्त होती. म्हणजे फुटणं नुकतंच सुरू झालं होतं. अशा वेळी प्रत्येक जनुक वेगळा वृक्ष दाखवतो. दोन जनुकसंच साधारण ९५ टक्के जुळले तर प्रजाती एकच, ही रेघ नाव द्यायला सोयीची आहे, पण फुटण्याचं कारण ती सांगत नाही.

तुझ्याकडे यासाठी फार चांगली जागा आहे. कॉलऱ्याचा व्हिब्रिओ कायटिन या कवचातल्या पदार्थावर वाढताना बाहेरचा डीएनए आत घ्यायला सज्ज होतो, आणि कोळंबीची सालं, कुर्ल्यांची कवचं म्हणजे कायटिनच. तेव्हा सालीवरचे, गाळातले आणि मोकळ्या पाण्यातले नमुने एकाच बाटलीत घालू नकोस. प्रत्येक वंशासमोर तो कुठे सापडला ते लिही. निदान सात-आठ जनुकं वाच, पैसे मिळाले तर पूर्ण जनुकसंच. पावसात खाडीचं पाणी गोडं होतं, म्हणून एकदा मृगाआधी आणि एकदा नारळी पौर्णिमेनंतर नमुने घे, दोन्ही वेळा खारटपणा मोजून.

तुझे सर