नोकरी सांभाळून रोज काहीतरी नवं शिकायचं ठरवतो, पण तीन आठवड्यांत सुटतं आणि वाचलेलंही लक्षात राहत नाही. काय करावं?

तुमच्या प्रश्नात दोन तक्रारी आहेत: सवय टिकत नाही आणि वाचलेलं डोक्यात राहत नाही. माझ्या अनुभवात या दोन्हींचं मूळ एकच आहे. शाळा-कॉलेजात परीक्षा घेणारं कुणीतरी असतं. स्वतःहून शिकायला बसलं की अभ्यास आपण करतो, पण परीक्षा कुणीच घेत नाही. मग किती आलं ते कळत नाही, आणि ज्याचा पत्ताच लागत नाही त्यासाठी रोज वेळ काढायला मन तयार होत नाही.

मी सदतिसाव्या वर्षी जपानी शिकायला घेतलं. नोकरीत त्याची गरज नव्हती, कुणी सांगितलंही नव्हतं. ती अक्षरं लहानपणापासून मला आवडायची, एवढंच कारण. पहिल्या खेपेला वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं, 'एका वर्षात जपानी बोलता आलं पाहिजे.' मग रोज तासभर धडे वाचायचे, व्हिडिओ बघायचे, महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारायच्या. बघताना सगळं समजायचं. तिसऱ्या आठवड्यात सहज कोरा कागद घेतला आणि शिकलेली अक्षरं लिहायला गेले. हिरागाना लिपीत मूळ अक्षरं ४६ आहेत. मला ११ लिहिता आली. त्यातही 'नु' आणि 'मे' यांची अदलाबदल झालेली. दोन्हींचं वळण जवळजवळ सारखं, फक्त 'नु'च्या शेवटी एक बारीकशी गाठ असते. ती गाठ मी रोज बघत होते, पण हात ती कधी शिकलाच नव्हता. फार वाईट वाटलं. वही कपाटात गेली आणि सात-आठ महिने बाहेर आली नाही.

पुढे याबद्दल वाचायला लागले तेव्हा उलगडा झाला. रोडिगर आणि कार्पिके या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. काही उतारे त्यांनी दुसऱ्यांदा वाचायचे होते, तर काही न बघता आठवून कागदावर उतरवायचे. पाच मिनिटांनी तपासलं तर पुन्हा वाचलेल्या उताऱ्यांतलं ८१ टक्के आठवत होतं, आठवून लिहिलेल्यांतलं ७५ टक्के. आठवड्यानंतर चित्र फिरलं: पुन्हा वाचलेल्यांतलं ४२ टक्के उरलं, आठवून लिहिलेल्यांतलं ५६ टक्के. म्हणजे पुन्हा पुन्हा वाचताना 'येतंय' असं जे वाटतं, ते त्या वेळी खरंच असतं; फक्त ते टिकत नाही. वाचलेलं लक्षात राहत नाही म्हणून तुम्ही स्वतःच्या बुद्धीला दोष देत असाल तर कृपा करून देऊ नका. पद्धत बदलून बघा.

दुसऱ्या खेपेला मी तासाची पंधरा मिनिटं केली आणि पुस्तक उघडण्याआधी कोरा कागद घ्यायला लागले. काल काय केलं ते आधी न बघता लिहायचं, मग पुस्तक उघडून लाल पेनाने दुरुस्त करायचं. पहिले काही दिवस हे नकोसं वाटतं. आठवत नाही, डोकं ताणलं जातं, वाचत बसणं किती सोपं होतं असं वाटतं. तेवढे दिवस धीर धरा, कारण खरं शिकणं त्या ताणातच चाललेलं असतं.

जोडीला कार्डांची पेटी केली. जर्मन विज्ञानलेखक झेबास्टियान लाइटनर यांनी १९७० च्या दशकात लोकप्रिय केलेली ही पद्धत आहे. कार्डाच्या एका बाजूला अक्षर किंवा शब्द, मागे उत्तर. पेटीत तीन-चार कप्पे. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात जातं, चुकलं की थेट पहिल्यात परत. पहिला कप्पा रोज उघडायचा, दुसरा दोन-तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने. विसरायला लागण्याच्या सुमारास उजळणी होते, आणि येणाऱ्या गोष्टींवर वेळ जात नाही. माझं 'नु'चं कार्ड महिनाभर पहिल्या कप्प्यातून हललं नाही. ते दुसऱ्यात गेलं त्या दिवशी झालेला आनंद मला अजून आठवतो.

आता ध्येयाबद्दल. 'वर्षात जपानी बोलता आलं पाहिजे' हे वाक्य मी खोडलं, कारण ते पूर्ण झालं की नाही हे मला कुठल्याही एका दिवशी तपासता येत नव्हतं. त्याऐवजी लिहिलं, 'या रविवारी सकाळी पहिली २० अक्षरं न बघता लिहायची.' रविवारी १७ आली. उरलेली तीन कुठली ते डोळ्यांसमोर होतं, त्यामुळे सोमवारी काय करायचं हा प्रश्नच उरला नाही. पुढे ४६, मग एक छोटं वाक्य मोठ्याने वाचणं. 'वाताशि वा होन ओ योमिमासु', म्हणजे मी पुस्तक वाचते. इथे दोन गोष्टी कळल्या. शब्दांचा क्रम थेट मराठीसारखा, क्रियापद शेवटी. आणि मधला 'वा' लिहिताना 'हा' हे अक्षर वापरायचं. दुसरी गोष्ट मी पहिल्या खेपेला नक्की वाचली असणार, पण लक्षात राहिली ती स्वतः लिहिताना चुकले तेव्हा.

ध्येय तुमचं स्वतःचं असू द्या, हे मी आग्रहाने सांगेन. दुसरे काय शिकताहेत ते बघून मी मध्यंतरी कोडिंगही सुरू केलं होतं. त्यात वाईट काही नव्हतं, पण थकलेल्या संध्याकाळी त्यासाठी पेन उचलावंसं वाटेना. जपानीसाठी वाटायचं.

तीन आठवड्यांत सुटण्याचं म्हणाल, तर २१ दिवसांत सवय लागते हे तुम्हीही ऐकलं असेल. १९६० मध्ये मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनने लिहिलं होतं की बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना साधारण २१ दिवस तरी लागतात. ते एका डॉक्टरचं निरीक्षण होतं. रोजच्या अभ्यासाशी त्याचा संबंध नंतर जोडला गेला. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या साध्यासुध्या नव्या सवयींवर लक्ष ठेवलं. तो अभ्यास २०१० मध्ये छापून आला. कृती आपोआप व्हायला लागायला मध्यक ६६ दिवसांचा निघाला, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी लागले आणि निम्म्यांना जास्त; माणसागणिक अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत गेला. त्यातली मला सगळ्यात धीर देणारी गोष्ट ही, की एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यावर म्हणावा असा परिणाम झाला नाही. तुम्ही तिसऱ्या आठवड्यात सोडत असाल तर बहुधा अर्धी वाटही झालेली नसते.

वेळेच्या बाबतीत मी एकच केलं. 'रात्री बघू' म्हणणं बंद केलं. कामावरून आले, बॅग खाली ठेवली की पेटी उघडायची. खुर्चीत टेकण्याआधी.

मधे बाबांच्या आजारपणात नऊ दिवस पेटीला हात लागला नाही. दहाव्या दिवशी साचलेली सगळी कार्डं काढून बसले असते तर पुन्हा कपाटाचीच वाट होती. मी फक्त पहिल्या कप्प्यातली सहा कार्डं घेतली. चार आली, दोन चुकली, आणि पेटी बंद केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडली.

तुम्ही नेमकं काय शिकताय ते प्रश्नात लिहिलेलं नाही. इतिहास असेल तर वाचलेलं प्रकरण मिटून पाच ओळी लिहा. वाद्य असेल तर कालचा तुकडा नोटेशन न बघता वाजवा. स्प्रेडशीट असेल तर व्हिडिओ बंद करून तेच सूत्र रिकाम्या शीटवर बसवा. विषय कळवलात तर पहिल्या रविवारची परीक्षा काय असावी ते आपण मिळून ठरवू.