बुंदीला कुणाच्या हाती देऊ?

प्रश्न : मावशी, मी सांगलीत विश्रामबागेत भाड्यानं राहते, बँकेत जॉब आहे. जुलैमधे भर पावसात कुपवाड एमआयडीसीच्या रोडवर कुत्र्याचं एक तीनेक महिन्यांचं पिल्लू सापडलं, मागचा पाय मोडलेला. ऑपरेशन केलं, आता ती बरी आहे, थोडी लंगडते. नाव बुंदी. फॉस्टर म्हणून ठेवली होती पण कायमची ठेवू शकत नाही, घरमालक म्हणतात दिवाळीच्या आत काढा, नाहीतर होती तिथं नेऊन सोडा. दोघंजण तयार आहेत. एक तासगावचे द्राक्ष बागायतदार, ते म्हणतात उद्या गाडी पाठवतो. दुसरे मिरजेचे रिटायर्ड शिक्षक काका-काकू, पण ते इतके प्रश्न विचारतात की मी वैतागले, शेवटच्या मेसेजला उत्तरच दिलं नाही. आणि खरं सांगू का, कुणालाही द्यायचं म्हटलं की मी तिला फसवतेय असं वाटतं, रात्री झोप लागत नाही.

उत्तर :

अगं पोरी, आधी घरमालकांचं. सोडायचं नाही म्हणजे नाही. तीन महिने गादीवर झोपलेलं पिल्लू त्या ट्रकच्या रस्त्यावर चार दिवस टिकणार नाही, आणि पाळलेलं जनावर असं उपाशी मरायला टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे. हे त्यांना भांडून नको सांगू, शांतपणे सांग, आणि सोबत एक पक्की तारीख दे. घरमालकाला कुत्र्यापेक्षा जास्त त्रास "बघू, शोधतेय" या उत्तराचा होतो.

आता तारीख कुठली द्यायची? इथं माझं ऐकच. दिवाळीच्या आत बुंदीला नव्या घरी पाठवू नकोस. दिवाळीला तीन-साडेतीन आठवडे राहिलेत, नसबंदीचं ऑपरेशन वगैरे उरकून तू तिला द्यायला जाशील तेव्हा नेमके फटाके सुरू झालेले असतील, घर अनोळखी, माणसं अनोळखी, एक सुतळी बॉम्ब वाजला आणि दार उघडं राहिलं की कुत्रं जे पळतं ते परत कुठं यायचं हेच त्याला माहीत नसतं. तुझं घर तिला माहीत आहे, बेडखालची जागा माहीत आहे, दिवाळी तिथंच काढू दे. फटाके तुळशीच्या लग्नापर्यंत वाजतातच, म्हणून घरमालकांकडे तुळशीचं लग्न उरकेपर्यंतची मुदत माग, हवं तर लिहून दे.

मधला वेळ वाया जात नाही. ती आता सहा महिन्यांची झाली असेल, म्हणजे नसबंदीचं डॉक्टरांना विचारायची वेळ आली, ते या आठवड्यातच कर. टाके सुकायला दहा-बारा दिवस धर. तिची रेबीजची लस, बूस्टर, जंताचं औषध सगळं कार्डावर आहे ना ते बघून घे. नसबंदी न करता मादी दिली तर पुढच्या वर्षी पाच-सहा पिल्लं, आणि ती कुठल्या रस्त्यावर जातात ते तू जुलैमधे बघितलंच आहेस.

तासगावच्या बागेविषयी. शेतावरचं कुत्रं म्हणजे वाईटच असं मी म्हणणार नाही, आपल्याकडे वस्तीवर कुत्र्याला घरच्यासारखी भाकरी घालणारी माणसं खूप आहेत. पण त्यांना तीन गोष्टी विचार, दिवसा बांधून ठेवणार का, रात्री कुठं झोपणार, आणि ऑक्टोबर छाटणीनंतर बागेत फवारणी सतत चालू असते तेव्हा तिला कुठं ठेवणार. औषधाच्या बॅरलजवळ साचलेलं पाणी प्यायलं तरी कुत्रं जातं. आणि लंगडणारी, घाबरट पोरगी राखणीला घेऊन ते करणार काय? न बघताच "उद्या गाडी पाठवतो" म्हणणाऱ्या माणसाला कुत्रं पाहिजे असतं, बुंदी नको असते.

हे मी अनुभवानं सांगतेय. मी एकदा असंच घाईत एक कुत्रं दिलं होतं, माणसं फोनवर फार गोड बोलली, मी घर बघायला गेले नाही. पंधरा दिवसांनी गेले तर पत्र्याखाली दीड हाताच्या साखळीला, पाण्याचं भांडं पालथं. त्याला परत आणलं, पण ते पंधरा दिवस मला आजही टोचतात. तेव्हापासून घर स्वतः बघितल्याशिवाय मी कुणाच्या हातात पट्टा देत नाही.

म्हणून मिरजेचे काका-काकू. तू ज्याला वैतागलीस तेच मला आवडलं. जो माणूस जिने चढते का, एकटी किती वेळ राहते, थंडीत पाय दुखतो का असं विचारतो तो मनात तिला घरात फिरवून बघत असतो गं. त्यांना सगळं खरं सांग. हेल्मेटवाला दिसला की भुंकत असेल, घरात मधेच शू करत असेल, चप्पल फाडत असेल, तेही सांग. ते ऐकून नाही म्हणाले तर बरंच झालं, दीड महिन्यानं परत आणून सोडण्यापेक्षा आज नाही म्हणालेलं चांगलं. तूही त्यांना एक अवघड प्रश्न विचार, उद्या तुमच्यापैकी कुणाची तब्येत बिघडली तर हिला कोण बघणार? गावठी कुत्रं बारा-चौदा वर्षं सहज जगतं. मुलगा किंवा मुलगी सांभाळणार असेल तर त्यांच्याशी एकदा फोनवर बोलून घे.

मिरज काय लांब आहे, दर रविवारी त्यांना तुझ्याकडे बोलाव, त्यांच्या हातानं दहीभात खाऊ दे, त्यांच्यासोबत फिरू दे. मग एकदा तू तिला त्यांच्याकडे दोन तास घेऊन जा. द्यायच्या दिवशी तिची चादर न धुता दे, वास ओळखीचा असला की जीव शांत राहतो. सुरुवातीचे काही आठवडे गळ्यातला पट्टा आणि हार्नेस म्हणजे छातीभोवतीचा पट्टा दोन्ही लावूनच बाहेर काढा असं बजावून सांग, गळ्यात फोन नंबरचा बिल्ला असू दे.

आणि फसवण्याचं. ती तुला शोधणार, हे मी लपवत नाही. एक-दोन दिवस कदाचित नीट जेवणार नाही, दाराकडे तोंड करून बसेल. तीन दिवसांत भीती जरा कमी होते, तीन आठवड्यांत घराचं टाइमटेबल कळतं, तीन महिन्यांत घर आपलं वाटायला लागतं असा एक ढोबळ अंदाज असतो, कुणाला कमी लागतं कुणाला जास्त. पहिला महिना तू भेटायला जाऊ नकोस, व्हिडिओ मागव. रडू येईल, येऊ दे, जुलैच्या पावसात गाडी थांबवणारी मुलगी रडणारच.

काका-काकूंचा तो शेवटचा मेसेज उघड आणि त्यातल्या एकेका प्रश्नाला आज रात्रीच उत्तर लिही.