घरी बांधायच्या दोन आसनी विमानाला चाकांचे पाय पोलादाचे घ्यावेत की अ‍ॅल्युमिनियमचे?

गवताच्या, खडबडीत धावपट्टीवरून उडणार असाल, तर मी स्प्रिंग स्टीलच (वाकून पुन्हा मूळ आकारात येणारे पोलाद) सुचवेन. अमेरिकन विमानरचनाकार स्टीव्ह विटमन यांनी रूढ केलेले हे पाय सेसना या छोटी विमाने बनवणाऱ्या कंपनीने १९४०च्या दशकापासून वापरले आणि त्यांना देखभाल फारच थोडी लागते. ७०७५-टी६ या मजबूत अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूचे पाय हलके असतात, परंतु बारीक ओरखडा किंवा ब्रेकची नळी बसवण्यासाठी नंतर पाडलेले भोकही तड्याची सुरुवात ठरू शकते, म्हणून त्यांच्या कडा गोलसर घासून गुळगुळीत ठेवाव्यात आणि बोल्टांजवळचा भाग प्रत्येक तपासणीत भिंगाने पाहावा. कोणताही धातू निवडलात, तरी आराखड्यातील जाडी कृपया परस्पर वाढवू नका: पाय अधिक ताठ झाला, की उतरतानाचा धक्का स्वतः न पचवता तो थेट विमानाच्या सांगाड्यातील जोडावर टाकतो, आणि तो जोड दुरुस्त करणे हे पाय बदलण्यापेक्षा कितीतरी अवघड काम आहे.