सामान आम्ही घ्यायचं, पैसे आम्ही द्यायचे आणि बोलणीपण आम्हीच खायची?

प्रश्न : नमस्कार ताई, मी इंदूरच्या सुदामा नगरमध्ये राहते, वय ५८. भाचीचं लग्न ठरलंय म्हणून आम्ही दोघी एका मोठ्या कॉस्मेटिक्सच्या शोरूममध्ये गेलो, एरवी माझी टिकल्या-पावडरची खरेदी राजवाड्याजवळच्या नेहमीच्या दुकानातच असते. मी साधी सुती साडी नेसले होते, तिथल्या मुलीनं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मी एक बाटली हातात घेतली तर म्हणाली, "आंटीजी, वो महँगा है, इधर वाला देख लो." भाचीला मात्र मॅम, मॅम. मग माझ्याच हातावर फाउंडेशन लावून "एकदम परफेक्ट शेड" म्हणून ११५० रुपयांची बाटली दिली. घरी येऊन अंगणात आरसा धरला तर चेहरा राख फासल्यासारखा! दुसऱ्या दिवशी परत गेले तर "सील खुला है, नहीं होगा", मॅनेजरनं मोबाइलमधून मान वर केली नाही, नुसतं "पॉलिसी है". कागदी बिल मागितलं तर म्हणे मोबाइलवर गेलंय, आणि तो नंबर दिल्याशिवाय बिलच बनत नाही असं आदल्या दिवशी सांगितलं होतं, आता रोज त्यांचे ऑफरचे मेसेज येतात. हे म्हणतात अकराशेसाठी कशाला डोक्याला ताप. पण मला पैशांपेक्षा ते बोलणं लागलंय. काही करता येतं का?

उत्तर : ताई, लागणारच, आणि अकराशे रुपये म्हणजे काही थोडे नव्हेत, त्यामुळे 'जाऊ द्या' असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे कासार बांगड्या भरतो ना, भरताना एखादी फुटली तर तिचे पैसे घेत नाही, गिऱ्हाइकाचा हात वाकडा होता असं म्हणत नाही. पोहेवाल्याला शेव कमी वाटली म्हटलं की तो न बोलता मूठभर आणखी टाकतो. ज्या गावात असं चालतं तिथे चकचकीत शोरूममध्ये जाऊन कुणी आपली साडी बघून भाव ठरवावा हे मला सहनच होत नाही.

आता आधी एक सांगते, म्हणजे त्या मुलीचं वागणं का तसं होतं ते कळेल. अशा दुकानांत काउंटरवर उभ्या असलेल्या बऱ्याच मुली दुकानाच्या नसतातच, त्या त्या ब्रँडनं ठेवलेल्या असतात, महिन्याचं टार्गेट असतं, इन्सेंटिव्ह असतो. मागे मी सुगंध नसलेली क्रीम मागत होते आणि एक मुलगा पाच वेळा तीच सुगंधी बाटली पुढे करत होता, मला वाटलं याला ऐकू येत नाही, नंतर कळलं की तो त्याच कंपनीचा माणूस. म्हणून पहिल्यांदा विचारायचं, "आप दुकान के हो या कंपनी के?" त्यानं अर्धा घोळ मिटतो.

कायद्याचं सरळ सांगते, उगाच आशा दाखवत नाही. नुसत्या उद्धट बोलण्यासाठी ग्राहक आयोगातून काही मिळणं अवघड. शेड जुळली नाही, पण बाटलीतला माल ठीक आहे, तर 'सदोष वस्तू' म्हणून भांडणंही कठीण. पण "परफेक्ट शेड" म्हणून त्यांनी स्वतः निवडून दिली ही गोष्ट तुमच्या बाजूची आहे, ती सोडू नका. शिवाय २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा, जो २० जुलै २०२० पासून लागू आहे, त्यात बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा मानली आहे, आणि सदोष माल परत न घेणं हीसुद्धा, बिलावर मुदत लिहिली नसेल तर ३० दिवस धरतात. म्हणजे 'पॉलिसी है' म्हटलं की विषय संपला असं नाही. आणि मोबाइल नंबरचं तर केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं मे २०२३ मध्येच दुकानदारांना कळवलंय की नंबरासाठी गिऱ्हाइकावर जबरदस्ती करू नका.

तुम्ही असं करा. त्या दिवशीची तारीख, अंदाजे वेळ, ती मुलगी जे बोलली ते शब्द जसेच्या तसे आज रात्रीच वहीत लिहून ठेवा, भाचीलाही लिहायला सांगा, चार दिवसांनी शब्द बदलतात. मग दुकानाच्या हेड ऑफिसला ईमेल, आणि दुसरा ईमेल फाउंडेशनच्या कंपनीला, तिचा ग्राहकसेवेचा नंबर खोक्यावर छापणं बंधनकारक आहे. मॅनेजरशी पुन्हा हुज्जत घालायला जाऊ नका, तुमचंच बीपी वाढेल. त्यानंही नाही झालं तर १९१५ वर फोन करा, ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, हिंदीत बोलतात, तक्रारीचा नंबर देतात आणि दुकानाशी तुमच्या वतीनं बोलणं करून बघतात. त्यापुढे जिल्हा आयोग, तिथे ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलही लागत नाही, आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पण मला वाटतं तुमच्या बाबतीत ईमेल आणि १९१५ इतकंच आधी करून पाहावं.

आणि पुढच्या वेळी शेड हातावर लावून घेऊच नका, हाताचा रंग आणि चेहऱ्याचा रंग एक नसतो. जबड्याच्या कडेला, मानेजवळ लावायला सांगायचं आणि दुकानाच्या दारात येऊन उन्हाच्या उजेडात बघायचं, आत त्या पांढऱ्या दिव्यांखाली सगळंच गोरं दिसतं. आणि दहा मिनिटं थांबायचं, बरीच फाउंडेशन सुकली की थोडी गडद होतात. घाई करत असतील तर करू द्यात.

प्रश्न : मी भंवरकुआँला होस्टेलमध्ये राहून कोचिंग करते. जवळच्या दुकानातून सनस्क्रीन घेतलं, त्यावर तारीख आणि किमतीच्या जागी पांढरा स्टिकर होता. दोन दिवसांत गालावर पुरळ आलं. दुकानदार म्हणतो, "तुम्हारी स्किन ही सेंसिटिव है." बिल नाही पण यूपीआयनं पैसे दिलेत.

उत्तर : बाळा, आधी ते लावणं बंद कर आणि स्किनच्या डॉक्टरला दाखव, एमवायच्या, म्हणजे सरकारी रुग्णालयाच्या, ओपीडीत दाखवलंस तरी चालेल, पण तारीख असलेली चिठ्ठी जपून ठेव. ट्यूब फेकू नको आणि तो स्टिकर स्वतः खरवडू नको! चारी बाजूंनी फोटो काढ. पॅकबंद मालाच्या नियमांत वेगळा स्टिकर लावून माहिती बदलायला परवानगी नाही, किंमत कमी केली असेल तर तेवढा लावता येतो, तोही छापील एमआरपी न झाकता. हे बघणारं खातं म्हणजे आपलं नापतौल, म्हणजे वजनमाप खातं, तिथे लेखी तक्रार करता येते. २०२० च्या कॉस्मेटिक्स नियमांप्रमाणे बॅच नंबर आणि कधीपर्यंत वापरायचं ती तारीख पॅकवर लागतेच, बाहेरून आलेला माल असेल तर आयातदाराचं नाव आणि रजिस्ट्रेशन नंबरही. तारीख झाकलेला माल परत घ्यायला नकार दिला तर तुझं प्रकरण वरच्या ताईंच्यापेक्षा कितीतरी मजबूत आहे. यूपीआयचा स्क्रीनशॉट हा पैसे दिल्याचा पुरावा आहे, तरी पुढे पाच रुपयांचं लिप बाम घेतलंस तरी बिल मागायचं, लाजायचं नाही. पुरळ बरं झाल्यावर नवीन काही आणलं तर आधी कानामागे थोडं लावून दोन दिवस बघ.

प्रश्न : मी स्वतः अशाच एका काउंटरवर काम करते. मराठी आहे पण दुकानात हिंदीच बोलावं लागतं. दहा तास उभी असते, बसू देत नाहीत. गिऱ्हाईक टेस्टरमधली, म्हणजे नुसता रंग बघायला ठेवलेली, लिपस्टिक सरळ ओठाला लावतात, नाही म्हटलं तर मॅनेजरकडे तक्रार, आणि पगारातून कापतात. सगळ्या आम्हालाच उद्धट म्हणतात. आमचं कोण छापणार?

उत्तर : तुमचं पत्र छापायचं हे वाचताक्षणीच ठरलं होतं. टेस्टर ओठाला लावू न देणं हा उद्धटपणा नाही, गिऱ्हाइकाची काळजी आहे, त्यातून हर्पीससारखं इन्फेक्शन पसरू शकतं. वाचकांनो, तो रंग बोटावर किंवा मनगटावरच बघा. आणि बसायचं म्हणाल तर केरळनं २०१८ मध्ये आणि तमिळनाडूनं २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायला जागा द्यायची असं कायद्यातच लिहिलं. आपल्याकडे मालक स्वतःहून दोन स्टूल ठेवू शकतो, त्याला कुणी सांगायची वाट बघायची गरज नाही. पगारातून कापतात ती रक्कम आणि तारीख दर महिन्याला लिहून ठेवा, पगाराचे मेसेज डिलीट करू नका, आणि लेबर ऑफिसात एकटी न जाता दोघी-तिघी मिळून जा. नाव न घालता पुन्हा लिहा, तोवर स्टूल आलं की नाही तेही कळवा.